बोलायच्या जागी गप्प, गप्प बसायच्या जागी बोलकं

मी वळसंगहून बोलतेय. आपल्या भागातल्या बचत गटांची समन्वयक म्हणून तुमच्यातल्या बऱ्याच जणी मला ओळखतात.

आजचा विषय मला कागदावर लिहून मिळाला तो असा: लोकशाहीतलं भाषणस्वातंत्र्य, त्याचं मोल आणि त्याचा गैरवापर. शाळेत पंधरा ऑगस्टला मुलांना देतात तसला. आमच्या गटातल्या एक अक्का तो ऐकून म्हणाल्या, "आपल्याला कुठं भाषण करायचं असतंय बाई, ते पुढाऱ्यांचं काम." म्हणून आधी तेवढं स्पष्ट करते. यातलं भाषण म्हणजे हार घालून माईकवर केलेलं नव्हे. रेशन दुकानात पावती मागणं हे भाषण आहे. ग्रामसभेत उठून नळाला किती दिवसांनी पाणी येणार ते विचारणं, गटाच्या बैठकीत हिशोब वाचून दाखवा म्हणणं, भाकरी थापता थापता फोनवर एखादा मेसेज पुढं ढकलणं, हे सगळं भाषणच. शेवटचं तर आपण दिवसातून वीस वेळा करतो.

संविधानाच्या १९व्या कलमात नागरिकांची स्वातंत्र्यं दिली आहेत आणि त्यात पहिलंच हे आहे, बोलण्याचं आणि आपलं मत मांडण्याचं. त्याच कलमात पुढं त्याच्या मर्यादाही दिल्या आहेत. देशाची एकात्मता आणि सुरक्षितता, परराष्ट्रांशी संबंध, सार्वजनिक शांतता, सभ्यता, न्यायालयाचा अवमान, दुसऱ्याची बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. एवढ्याच कारणांसाठी सरकार कायदा करून वाजवी बंधन घालू शकतं. यादी इथं संपते. साहेबांना राग आला हे कारण त्या यादीत नाही. बाईमाणसानं चारचौघांत बोलू नये हेही नाही.

हा हक्क आपल्या सोलापूरला फुकट मिळालेला नाही. १९३० च्या मे महिन्यात इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ म्हणजे लष्करी कायदा लावला. तिरंगा घेऊन फिरणं हासुद्धा त्या दिवसांत गुन्हा होता. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. त्यांच्या पुतळ्याजवळून आपण बाजाराला, दवाखान्याला शंभरदा गेलो असू. चार माणसं चार जातीधर्मांची. ते पुतळे बघताना एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

पण मला त्याहून जवळचं उदाहरण द्यायचं आहे, कारण ते बायकांचं आहे. सोलापूरहून अक्कलकोट रस्त्यानं आपल्याकडं येताना कुंभारी लागतं. तिथं गोदूताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगार बायकांची वसाहत आहे, दहा हजार घरांची. १ सप्टेंबर २००६ ला तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरं दिली गेली. पुढं त्याच बाजूला रे नगर उभं राहिलं, तीस हजार घरांची योजना. त्यातली पंधरा हजार घरं १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिली गेली. पंतप्रधान बदलले, त्यांचे पक्ष बदलले. मागणी करणारी बाई मात्र तीच होती, सुपात पानं घेऊन विड्या वळणारी. आडम मास्तरांचा पक्ष तुम्हाला पटो न पटो, त्यांच्या मागं या बायका वर्षानुवर्षं मोर्च्याला गेल्या, घोषणा दिल्या, निवेदनं दिली. विडी वळून विटा येत नाहीत. ती घरं तोंड उघडलं म्हणून उभी राहिली.

आता आपल्याकडं बघू. आपल्या राज्यात प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी असं ग्रामपंचायतीच्या कायद्यातच लिहिलं आहे. पंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत. किती गावांत ही महिला सभा खरोखर बसते? मी ज्या गावांत फिरते त्यातल्या बऱ्याच ठिकाणी रजिस्टर घरी येतं. शिपाई दारात उभा राहतो, आपण पदराला हात पुसून सही करतो, आणि विषय काय होता विचारलं तर उत्तर येतं, "नेहमीचाच." सरपंचबाई खुर्चीवर आणि बोलणारे त्यांचे मालक, हे तर इतकं रुळलंय की त्यात कुणाला काही वाटत नाही.

आणि याच बायका, म्हणजे आपणच, फोनवर मात्र कमालीच्या बोलक्या. कुणाची सून कुठं गेली, कुठल्या दवाखान्यात काय घडलं, कुठली टोळी आली. उचलली जीभ लावली टाळ्याला, आता उचललं बोट लावलं काचेला. फुकाच्या गप्पांचा मला राग नाही. गप्पा हव्यातच, त्याशिवाय दिवस सरत नाही. पण यातून काय होऊ शकतं हे आपल्याच जिल्ह्यानं भोगलेलं आहे, आणि ते आपण विसरत चाललो आहोत असं मला वाटतं.

डवरी गोसावी तुम्हाला माहीत आहेत. डौर वाजवत, देवाचं नाव घेत दारात येणारे, पसाभर ज्वारी नाहीतर पीठ घेऊन आशीर्वाद देऊन जाणारे. भटक्या जमातीतली ही माणसं. मंगळवेढा तालुक्यात खवे आणि आसपास त्यांची घरं आहेत. तो भाग कोरडवाहू, हाताला बारमाही काम नाही, म्हणून ही मंडळी भिक्षेसाठी लांब लांब जातात, पालं ठोकून राहतात. १ जुलै २०१८ ला अशीच पाच माणसं धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात गेली. रविवार होता, आठवडे बाजाराचा दिवस. त्या भागात काही दिवसांपासून मोबाईलवर मेसेज फिरत होते की मुलं पळवणारी टोळी आली आहे. या पाच जणांपैकी कुणीतरी एका लहान मुलीशी बोललं, एवढं निमित्त झालं. बाजारातली माणसं जमली. मारत मारत त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं आणि तिथं जीव जाईपर्यंत मारलं. पोलीस पोचले, त्यांनाही लोकांनी जुमानलं नाही. ते मारतानाचे व्हिडिओसुद्धा काढले आणि तेही पुन्हा फोनवरच फिरले.

पाच माणसं गेली. बहुतेक आपल्या मंगळवेढ्याची. त्यांच्याजवळ पळवलेलं एकही मूल नव्हतं.

मी या घटनेवर बऱ्याचदा विचार करते, कारण त्यात वाईट माणूस शोधायला गेलं तर पटकन सापडत नाही. मारणारे गुन्हेगार होतेच, त्यात शंका नाही. पण त्याच्या मागं कुठंतरी एक आई असेल, जिनं तो मेसेज वाचला, पोटात गोळा आला, आणि आपल्या भावजयीला, बहिणीला, गटातल्या बायकांना पाठवला, की बायांनो पोरं सांभाळा. तिचा हेतू वाईट नव्हता. तिनं ना काठी उचलली ना दगड. तिच्यासारख्या शेकडो जणींनी आणि शेकडो जणांनी चांगल्या मनानं तो मेसेज पुढं पाठवला, आणि जमाव तयार झाला. बाजारात अनोळखी माणूस दिसल्यावर लोकांना विचार करायची गरजच उरली नव्हती. विचार आधीच फोनवर झाला होता.

त्या वर्षी देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणारं मूल उचलतात आणि पळतात. बघून कुणाच्याही काळजाचा ठोका चुकावा. तो होता पाकिस्तानातल्या कराचीचा, लहान मुलांच्या सुरक्षेसाठी मुद्दाम तयार केलेला. मूळ फितीत ती माणसं मूल परत आणून सोडतात आणि हातात पाटी धरून दाखवतात, की मूल पळवायला किती कमी वेळ लागतो बघा. कुणीतरी तो शेवट कापला. बाकीचं सगळं खरं दिसत होतं, नुसता शेवट नव्हता. आपल्या गावात कुणाची बदनामी करतात तीही साधारण अशीच करतात, नाही का? धादांत खोटं फार थोडे बोलतात. खऱ्याचं शेपूट तेवढं तोडतात.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं आपल्या देशात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. पाठवलेल्या मेसेजवर बाणाची खूण दिसते, ती म्हणजे हा लिहिणाऱ्यानं स्वतः लिहिलेला नाही, कुठून तरी आलेला आहे. दोन बाण असतील तर तो फार हातांतून फिरून आलाय. ही खूण बघायची सवय आपण लावून घेतली नाही. गटातल्या पोरीबाळींना विचारा, त्या एका मिनिटात दाखवतील.

"आम्ही थोडंच लिहिलं, आलं ते पाठवलं," असं म्हणणाऱ्या भगिनींसाठी कायद्याचं थोडं सांगते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. (तारीख बघा, राईनपाड्याचीच.) तिच्या ३५३व्या कलमात लोकांत भीती किंवा तेढ पसरावी म्हणून खोटी माहिती, अफवा पसरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यात लिहिणारा जसा येतो तसा फिरवणाराही येतो आणि मोबाईलही येतो. ग्रुपच्या ॲडमिन असलेल्या ताई मात्र उगाच घाबरू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलं आहे, की सदस्यानं टाकलेल्या मजकुराबद्दल ॲडमिनला दोषी धरता येत नाही, जोपर्यंत दोघांचं त्यात संगनमत नाही. पण वाईट मजकूर दिसल्यावर तो काढा म्हणून सांगायला कायदा कशाला हवा?

जीव जातो ते एक. जीव न जाताही माणूस कसं संपतं ते गटाच्या कामात मी बघितलंय. आमच्या एका गटात एक ताई होत्या, सचिव. हिशोब चोख, अक्षर सुंदर. गावातल्या एका ग्रुपवर कुणीतरी टाकलं, की बँकेच्या कर्जातली रक्कम सचिवांनी घरबांधणीला वापरली. नाव नव्हतं, पण गावात "सचिव" म्हटल्यावर कळायचं राहतं होय? चार दिवसांत ते तीन वाड्यांवर गेलं. त्यांच्या नवऱ्याला पारावर विचारलं गेलं. ताई बैठकीला यायच्या थांबल्या. मी घरी गेले तर म्हणाल्या, "मॅडम, मी काय सांगू आणि कुणाकुणाला सांगू?" मला त्या प्रश्नाचं उत्तर लगेच देता आलं नाही, कारण प्रश्न बरोबर होता. ग्रुपवर दीडशे माणसं होती. प्रत्येकाच्या दारात जाऊन कोण सांगणार?

आम्ही मग एक केलं. गटाची आणि ग्रामसंघाची एकत्र बैठक लावली, त्यात कीर्दवही, खातेवही, बँकेचं पासबुक मांडलं आणि पहिल्या हप्त्यापासून एकेक नोंद मोठ्यानं वाचली. अडीच तास लागले. ज्यांना शंका होती त्यांनी प्रश्न विचारले, काही प्रश्न चांगले होते. घरबांधणीचं कर्ज त्यांनी वेगळ्या संस्थेकडून घेतलं होतं, तेही निघालं. रुपयाचाही फरक नव्हता. ताई परत येऊ लागल्या, पण सचिवपद त्यांनी पुन्हा घेतलं नाही. कितीही समजावलं तरी नाही.

ताराबाई शिंदे यांचं नाव तुमच्या मुलींच्या पुस्तकात कधीतरी येईल. बुलढाण्याच्या. १८८२ साली त्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहून छापलं. सुरतेकडं विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेला जन्मलेलं बाळ मारल्याच्या गुन्ह्यात शिक्षा झाली होती. त्यावरून वर्तमानपत्रांत सगळ्या बायकांच्याच चारित्र्यावर शिंतोडे उडू लागले, तेव्हा ताराबाईंनी विचारलं की सगळे दोष बाईचेच कसे, पुरुषाचे कुठं गेले. त्यांना कोणत्या सरकारनं अडवलं नाही. लोकांच्या टीकेनं मात्र इतकं झोडपलं, की जोतिराव फुल्यांना त्यांच्या बाजूनं लिहावं लागलं. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. आमच्या सचिवताईंचा विषय निघाला की मला ताराबाई आठवतात. एकाच्या सैल तोंडानं दुसऱ्याचं तोंड बंद होतं, आणि बहुतेक वेळा बंद होतं ते बाईचंच.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे ऐकून कुणीतरी म्हणायचं, बघा, समन्वयक मॅडमनीच सांगितलं, बोलू नका. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुण मुलीनं फेसबुकवर त्या बंदबद्दल आपलं मत लिहिलं. तिच्या मैत्रिणीनं ते आवडलं म्हणून नुसता अंगठा दाबला. दोघींना अटक झाली. त्यात ना अफवा होती, ना शिवी, ना कुणाला मारा म्हणून चिथावणी. एक मत होतं. तो खटला पुढं बंद झाला. दिल्लीच्या श्रेया सिंघल या मुलीनं सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला आणि २४ मार्च २०१५ ला न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६-अ हे कलम रद्द केलं, कारण "त्रासदायक" म्हणजे काय ते त्या कलमात धड सांगितलंच नव्हतं. कुणालाही कशाचाही त्रास होऊ शकतो.

म्हणून मी फरक असा करते. मला न आवडणारं मत हा गैरवापर नव्हे. माझ्या पुढाऱ्यावर, माझ्या जातीच्या संघटनेवर, आमच्या गटावर कुणी टीका केली तर ती मला सोसता आली पाहिजे, उत्तर देता आलं पाहिजे. पण माहीत नसलेली गोष्ट माहीत असल्यासारखी सांगणं, नाव न घेता कुणाच्या अब्रूला हात घालणं, अमक्या वस्तीतले, तमक्या धर्माचे सगळे तसलेच म्हणून पेटवणं, हे मत नव्हे. आपल्या भागात एका गल्लीत मराठी, दुसऱ्या गल्लीत कानडी, मागावर तेलुगू, आणि सगळ्यांची पोरं एका शाळेत. बाबासाहेब ज्या विहिरीवर आले होते ती विहीर आपल्या वळसंगात आहे. इथं एखादा मेसेज पेटला तर कुणाचं घर वाचेल असं वाटतं तुम्हाला?

आणखी एक. आपण पोषण आहाराबद्दल, रेशनच्या मापाबद्दल, घरकुलाच्या यादीबद्दल तक्रार केली की समोरचा म्हणतो, "बदनामीचा दावा टाकीन." बाया लगेच मागं सरतात. मैत्रिणींनो, खरी गोष्ट लोकांच्या हितासाठी सांगितली तर ती बदनामी होत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. फक्त ती खरी आहे हे दाखवता आलं पाहिजे. म्हणून तारीख लिहून ठेवा. पावती जपा. किती धान्य मिळालं ते त्याच दिवशी वहीत टिपा. "सगळे चोर आहेत" असं ग्रुपवर लिहून काही होत नाही, उलट ज्यानं खरंच खाल्लं तो गर्दीत लपतो. "अमुक तारखेला कार्डावर इतके किलो नोंदले, हातात इतके मिळाले" हे लेखी द्या, तहसीलच्या पुरवठा शाखेत. आणि तोच मजकूर ग्रामसभेत वाचा.

आमच्या गटांच्या ग्रुपवर आम्ही एक पद्धत पाडली आहे. मुलं पळवणारे, दवाखान्यात इंजेक्शननं मेलेली बाई, अमुक गावात दंगल, असलं काही आलं की टाकणाऱ्या बाईला कुणीही रागावत नाही, फक्त विचारतात: ताई, हे तुम्ही बघितलं का, की आलं? "आलं" असेल तर काढायचं. खरंच भीती वाटत असेल तर वळसंग पोलीस ठाण्याला फोन करून विचारायचं, ११२ लावायचा, आणि मगच काय ते लिहायचं. पहिल्या पहिल्यांदा काहींना राग आला. एक वैनी तर ग्रुप सोडून गेल्या, पंधरा दिवसांनी परत आल्या. दारात अनोळखी माणूस आलं तर नाव-गाव विचारा, भिक्षा द्या किंवा देऊ नका, पण पोरांना ओरडायला लावू नका.

येत्या २ ऑक्टोबरला ग्रामसभा असेल, आणि त्याच्या आधी महिला सभा. रजिस्टर दारात आलं तर सही करायच्या आधी सभा कुठं आणि किती वाजता आहे ते विचारा. आमच्या ग्रामसंघानं या वेळी तीन विषय लेखी दिले आहेत: अंगणवाडीच्या छताची गळती, वेशीपासूनचे बंद दिवे, आणि सभा बायकांना जमेल अशा वेळी, दुपारी बारानंतर घेणं. अर्जाची पोच घेतलेली आहे. तुमच्या गावच्या ग्रामसंघाला असा अर्ज करायचा असेल तर नमुना माझ्याकडं आहे, पुढच्या मासिक बैठकीत मी प्रती घेऊन येते.